ताकातली बुटी

वहिनी, काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, ओसरीवरच्या सतरंज्या उचलल्या, आणि आज सकाळी मी पहिलं काम काय केलं सांगू? तुझ्या चुलीमागच्या फळीवरचा पितळी डबा काढला आणि उघडून पाहिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाप्पा भाऊजी, मेल्यावरबी माह्या डब्यात हात घालता का!" पण मला हसू आलं नाही. डबा रिकामा होता.

अगदी पुसून ठेवल्यासारखा रिकामा. पंधरवड्यापूर्वी तू खाटेवर पडून होतीस तेव्हा मी त्यात बुटी पाहिली होती. मुळीचे सात तुकडे, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले. चिंधीसुद्धा नाही. आणि इकडे दादा तू गेल्यापासून एक शब्द बोललेला नाही. जेवायला वाढलं तर जेवतो, उठ म्हटलं तर उठतो. सगळे म्हणतात, बायको गेली, माणूस गप्प होणारच. तेवढं मलाही कळतं. पण मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस आहे, आणि दादाचं असं गप्प होणं मी एकदा पाहिलेलं आहे. म्हटलं, झालं! कोणी तरी पुन्हा त्याच्या ताकात ती बुटी कालवून राहिलं.

तुला यातलं काही कळणार नाही, कारण मी तुला कधी सांगितलंच नाही. आता सांगतो. रागावू नको. रागावलीस तरी आता ताट आपटून जाणार कुठं?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा रोवणा आठवतो तुला? धानाच्या बांधीत पाणी तुंबलं होतं, बाया धान रोवत होत्या, आणि दादा धुऱ्याच्या अरुंद बांधावरून चालता चालता मटकन बसला. नाकातून रक्त. तू चिखलातून धावत आलीस, पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, तरी धावत होतीस. मी त्याला तुमसरला नेलं. डॉक्टरसाहेबांनी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग चष्मा काढून तिसऱ्यांदा पाहिलं. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली. मी कामाला होतो ते दुकान तिथंच, गोळी मीच काढली, मीच घरी आणली.

तू ती तळहातावर घेऊन पाहत राहिलीस. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पांढरी. "येवढ्याशानं का होते भाऊजी? मानूस केवढा, गोळी केवढी!"

मी म्हटलं, "वयनी, होते. डॉक्टर का पागल हाये?"

तुझा विश्वास बसला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्या वडिलांना याच बीपीनं लकवा मारला होता. तीन वर्षं ते खाटेवर होते आणि तू लग्नाआधी त्यांना चमच्यानं पेज पाजत होतीस. हे तूच मला सांगितलं होतंस, मी शाळेत होतो तेव्हा. दादाच्या नाकातलं रक्त पाहिलं आणि तुला ती खाट दिसली असणार. मी मात्र गोळी आणून दिली आणि माझं काम संपलं असं समजलो.

भादव्यात तू माहेरी जाऊन आलीस. साकोलीकडच्या जंगलाला लागून तुझं माहेर. तुझे मामा झाडपाल्याचं औषध देत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू खलबत्त्यात काही कुटत होतीस. मी आत आलो तशी तू पदर टाकलास त्यावर.

"काय कुटून राहिली वयनी?"

"सुंठ होय."

आणि मी मान डोलावली! तीस बाटल्या नुसत्या वासावरून ओळखणारा मी. सुंठेचा वास नाही आला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढचे तीन महिने आपल्या घरातल्या चहात सुंठ पडली नाही, तेही लक्षात आलं नाही.

मग दादाचं सुरू झालं. आधी नाक चोंदलं. तू तुळशीचा काढा दिलास. मग झोप. भर दुपारी धुऱ्यावर बसल्या बसल्या झोपायचा. मग बोलणं कमी झालं. दिवाळीनंतर दंडारीची मंडळी बोलवायला आली. रात्रभराच्या त्या नाचगाण्याच्या खेळात दादाचं म्हातारीचं सोंग म्हणजे पंचक्रोशीत प्रसिद्ध, शहापूरपर्यंत लोक विचारत. दादा म्हणाला, "औंदा मन नाही," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मंडळी ओसरीवर तशीच उभी. तू त्यांना चहा दिलास आणि माझ्याकडे पाहिलंस. तुझे डोळे मी विसरलो नाही.

तो माझा आणि तुझा मोठा तंटा त्याच आठवड्यातला. तू विहिरीवर होतीस. मी सायकल टेकवली आणि तोंड सोडलं. "तू त्याले काही बोललीस का?"

"मी का बोलन? थेच बोलत नाही मायासंग. भाऊजी, माह्यं काय चुकलं?"

आणि मी काय म्हणालो? "घरातली बाई अशी घाबरून राहिली तं मानूस हासन कसा?" असं म्हणालो मी. तू घागर उचललीस आणि गेलीस. दोन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस. ताट ठेवायचीस आणि पाठ फिरवायचीस. तो तंटा आपण कधी मिटवला नाही. बोलायला लागलो, एवढंच. माफी मागायची राहिली ती राहिलीच. आज मागतो, वहिनी. तुझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते आपलं दोघांचं, आणि दोघांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतरची एक सकाळ मी तुला कधी सांगितली नाही. मी तुमसरला दुकानात निघालो होतो. बोडीच्या पाळीवरून सायकल जात होती आणि तळ्याच्या पाण्यात कोणी उभं दिसलं. दादा. कमरेपर्यंत पाण्यात, धोतरासकट. जवळ ना बैल, ना म्हैस.

"दादा! काय करून राहिला बे?"

"काही नाही. पानी पाहून राहिलो."

मी चपला, घड्याळ, सगळ्यासकट पाण्यात गेलो. हात धरला तर गार. तो मुकाट्यानं आला. पाळीवर बसलो तेव्हा म्हणाला, "कशातच जीव लागत नाही रे. पोटात जशी कोनी माती भरली." आपला दादा, वहिनी. लोकांची पोटं दुखेपर्यंत हसवणारा. मी त्याला घरी आणलंच नाही, ओल्या धोतरासकट कॅरियरवर बसवलं आणि तुमसरपर्यंत पॅडल मारत गेलो. सारखा मागं हात लावून पाहत होतो, आहे ना.

डॉक्टरसाहेबांनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग मला बाहेर नेलं. "ही गोळी काही माणसांचं मन खचवते. पण एवढ्याशा गोळीनं एवढं? आणि नाडी इतकी संथ? रोज एकच देतोस ना?"

"एकच, साहेब. मी स्वतः मोजतो."

"आणखी काही घेतो का? झाडपाला?"

"नाही, साहेब," मी छातीठोक सांगितलं.

"ही गोळी कशाची आहे, ठाऊक आहे का तुला?" ते म्हणाले. "रोज विकतोस म्हणून विचारतो. सर्पगंधाच्या मुळीची. तुमच्याच जंगलात उगवते. मुळीतला जो कडू अंश आहे, त्याला अल्कलॉइड म्हणतात. तो वेगळा काढून ही गोळी बनते. रक्तदाब उतरवायला चांगली. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून वैदू लोक ही मुळी वेड लागलेल्या माणसाला शांत करायला देत आलेत. गुण आहे तिच्यात. पण माप सुटलं की तीच माणसाला असं विझवून टाकते. कोणी गोळीवर मुळीही खाल्ली तर संपलंच."

ते बोलत होते आणि मला खलबत्ता दिसत होता. तुझा पदर दिसत होता. वास नसलेली सुंठ.

मी घरी आलो तो ओरडायलाच आलो होतो. दारात उभा राहिलो. तू ताक घुसळत होतीस. मला पाहून रवी थांबली.

"काय म्हनते डॉक्टर? वाचतीन ना थे?"

वहिनी, माझ्या तोंडात आलेलं सगळं तोंडातच राहिलं. बोललो असतो तर तू त्या क्षणी समजली असतीस की तूच आपल्या हातानं नवऱ्याला मारत होतीस. आणि मला एकाच वेळी दोन माणसांवर पहारा ठेवावा लागला असता, एक बोडीपाशी आणि एक विहिरीपाशी. म्हणून मी खोटं बोललो. "डॉक्टरनं ताक बंद सांगतलं. या गोळीवर ताक चालत नाही."

"ताक?" तू म्हणालीस. "ताकानं का होते?"

"होते. अन् वरनात, भाजीत, काहीच वरून मिसळायचं नाही. गोळी बिघडते."

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मग खाली मान घालून "बरं" म्हणालीस. तुला संशय आला होता का? हा प्रश्न मी आठ वर्षं स्वतःला विचारला. तुला विचारायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी गोळीही बदलली होती. पण म्हणाले, आधीचं अंगातून निघायला आठवडे लागतात, धीर धर. धीर! मी जन्माचा घाबरट. दुकानातून रोज लवकर निघायचो. दादाची नाडी मोजायचो, डोळे पाहायचो. आणि जेवताना त्याच्या वाटीतलं वरण आधी मी चाखायचो, कडू लागतं का म्हणून. एक दिवस तू पळी हातात घेऊन उभी राहिलीस.

"माह्या हातचं वरन चाखून पाह्यता, भाऊजी? जहर घालतो का मी?"

काय सांगणार होतो? म्हणालो, "मीठ पाहून राहिलो." आणि तू म्हणालीस, "तुमची जीभ कवापासून येवढी लाडाची झाली?" त्यातही तुझी थट्टा होती. डोळ्यांत पाणी होतं, पण थट्टा होती.

शिमगा जवळ आला होता. दुपारची वेळ. मी दादाचं मनगट धरून घड्याळात पाहत होतो आणि त्यानं एकदम माझंच मनगट धरलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्यासारखाच घुमा आवाज काढून म्हणाला, "एक... दोन... वयनी, याची नाडी काही जाग्यावर नाही, याले ताक बंद करा!" तुझ्या हातातली पळी पडली. तू परसात गेलीस. मी गोठ्यात गेलो. दोघंही रडून आलो आणि एकमेकांना काही विचारलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण वर्षभरानं तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "भाऊजी, कोनाले सांगसान नाही तं एक सांगू? मीच मामाची बुटी देल्ली होती ह्यायले, ताकात. थे पागल मानसाले देतेत, म्हनून लपवलं. लोक म्हनले असते, हिच्या नवऱ्याचं डोस्कं फिरलं. पर पाहा, तिनंच गुन केला!"

तुझा चेहरा असा फुलला होता, वहिनी! सत्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "हो वयनी. गुन आला."

त्यानंतर तू पाण्याला गेलीस की मी तो डबा उघडून तुकडे मोजायचो. सात. दर वेळी सात. एकदा दादाचं डोकं दुखलं आणि तू फळीवरून डबा काढलास, तेव्हा मी "दूध उतू चाललं!" म्हणून एवढ्यानं ओरडलो की शेजारची माणसं धावत आली. चुलीवर दूधच नव्हतं. तू मला त्यावरून वर्षभर चिडवलंस. डबा मात्र परत फळीवर गेला, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

एक गोष्ट मात्र तुझ्यासमोर कबूल करायची राहिली. तुझी मुळी खोटी नव्हती. माझ्या दुकानातली गोळी तिचीच लेक. पट्टा नाही, यंत्र नाही, तरी तुझ्या मामांना ठाऊक होतं की तापलेलं रक्त आणि तापलेलं डोकं ही मुळी उतरवते. तू घाबरून तेच औषध जंगलातून आणलंस जे मी शहाणा होऊन कागदात बांधून आणलं. आपण दोघांनी दादाला एकच वस्तू दोनदा पाजली. आणि मी दुकानात होतो तो कोणामुळं? दहावीला नापास झालो तेव्हा दादा मला बांधीत उतरवणार होता. तू म्हणालीस, "याच्या हातानं चिखल नाही व्हायचा, याले दुकानात लावा." दादाची ती गोळी बदलून आणणारा हात तूच तिथं लावला होतास. मी कधी हे बोललो नाही. तू चहा दिलास की मी साखर कमी आहे एवढंच बोलायचो.

आणि मग पंधरवड्यापूर्वी तू खाटेवरून मला जवळ बोलावलंस, तो डबा आणायला लावलास आणि चिंधी सोडून दाखवलीस. "भाऊजी, मी गेल्यावर ह्यायचं बीपी चढन. लागली तं देजा. ताकात, चिमूटभर." मी म्हटलं, "हो." तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं खोटं.

म्हणून आज तो डबा रिकामा दिसला तेव्हा माझं काय झालं असेल ते समज. तेरवीनंतर थांबलेल्या तुझ्या बहिणीला विचारलं, तिला बुटीचा पत्ताच नव्हता. मग ओट्यावर गेलो. दादा बसला होता, समोर अंगणात पाहत. मी त्याचं मनगट धरलं.

"काहून रे नाडी पाहतं?" तेरा दिवसांतलं पहिलं वाक्य.

"दादा, तुले कोनी ताक देते का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "डब्यातलं पाहून राहिला का? थे मी फेकलं. बोडीत. चिंधीसकट."

"तुले... माहीत होतं?"

"अबे, ताक कडू जहर लागे. मले का जीभ नव्हती?"

"मंग पेला काहून?"

तो पुन्हा अंगणाकडे वळला. मग म्हणाला, "गिलास देऊन उभी राहे तुही वयनी. पदर तोंडाले लावून. पूरा पेईपर्यंत हालत नसे. पेलो का तिच्या जिवात जीव ये. आपल्यासाठी कोनी येवढं भेलं तं का थुकून टाकावं?" पुढं म्हणाला, "पागलले देतेत, हेबी माहीत होतं मले. वाटलं, आपलं डोस्कं फिरून राहिलं, अन् हिले समजलं. बरा झालो तं हिची भीती तं जाईन. आता कोनाच्या भीतीसाठी पिऊ? म्हनून फेकलं."

मी त्याच्याजवळ खाली बसलो, वहिनी, आणि सगळं सांगितलं. गोळी, मुळी, डॉक्टर, ताक बंद, सगळं. शेवटी दादा म्हणाला, "म्हनजे मी पागल नव्हतो."

"नाही दादा."

"अन् थेबी मले पागल समजत नव्हती."

"नाही. तिले फक्त लकव्याची भीती होती. तिच्या बापाची खाट दिसे तिले."

तेव्हा तो रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, लेकरासारखा. मी नाडी मोजत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नाही. नाडी धडधडत होती, चांगली जोरात. माझी भीती उतरली. हे बुटीचं गप्प होणं नव्हतं. हे तुझ्या जाण्याचं होतं.

मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, एकदा आत चुलीकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरून हळू आवाजात म्हणाला, "पर हे तिले नोको सांगजो. मनाले लावून घेईन."

मी "नाही सांगत" म्हणालो. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो, चुलीकडे पाहत.

वहिनी, आठ वर्षं मी स्वतःहून सांगितलं नाही आणि आज दादानं नको म्हटल्यावर सगळं सांगून बसलो. मनाला लावून घेऊ नको.